बाबांचं डीबीएस मशीन, सव्वादोन वर्षांच्या वापरानंतरचा रिव्ह्यू

बाबांना कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सनसाठी, डीबीएस बसवून आता सव्वादोन वर्षं झाली. डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत खोलवर दोन बारीक वायरी, त्या कातडीखालून कानामागून खाली येतात आणि छातीत गळ्याच्या हाडाखाली एक बॅटरी, ती दिवसरात्र करंटचे बारीक बारीक ठोके देत राहते. ऑपरेशनच्या आधी मी असे अनुभव शोधत रात्र रात्र बसायचे आणि मिळायचं काय, तर एक तर "चमत्कार झाला, उठून चालायला लागले" नाही तर "अजिबात करू नका, काही फरक नाही". दोघंही खरंच सांगत असणार, पण नेमकं काय सुधारलं, काय नाही आणि का, हे कोणीच लिहीत नव्हतं. ते "का" समजल्याशिवाय या मशीनबद्दल मत बनवता येत नाही असं माझं आता पक्कं मत झालंय, म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं लिहितेय.

आधी स्टार देऊन टाकते. थरथर आणि अंगाचा कडकपणा, ५ पैकी ५. गोळीचे चढउतार, ५. चालणं, ३. बोलणं, १. आणि प्रोग्रामिंग, म्हणजे मशीनचं सेटिंग, ज्याबद्दल आधी कोणी धड बोलतच नाही, त्याला पहिल्या सहा महिन्यांसाठी २ आणि नंतरच्या डॉक्टर मॅडमसाठी ५.

बाबा चित्रकलेचे शिक्षक. ५३व्या वर्षी उजव्या हाताची थरथर सुरू झाली, तीही विचित्र, हात मांडीवर निवांत ठेवला की अंगठा आणि शेजारचं बोट गोळी वळल्यासारखं हलायचं आणि पेन्सिल उचलली की थांबायचं. त्यामुळे पहिलं वर्ष आम्ही टेन्शन म्हणून सोडून दिलं. मग अक्षर बारीक व्हायला लागलं, ओळ सुरू व्हायची मोठ्या अक्षरात आणि शेवटाला मुंगीएवढी. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. कंपवात निघाला. लेव्होडोपा नावाची गोळी सुरू केली आणि पहिली पाच-सहा वर्षं खरंच सुखाची गेली, एवढं त्या गोळीचं ऋण मानायलाच हवं. त्यानंतर मात्र गोळीचा असर अडीच तासात उतरायला लागला, दिवसाला ७ वेळा गोळ्या, असर चढला की अंग आपोआप वळवळायचं, मान डोलायची, आणि उतरला की खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची. मधला बरा वेळ दिवसातून जेमतेम चारेक तास. आई घड्याळाकडे बघत जगायची.

आता मेंदूत काय होतं ते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. आपल्याला वाटतं हालचाल म्हणजे मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातून, ऑर्डर सुटली आणि हात हलला. ऑर्डर तिथूनच सुटते, पण ती सुटू द्यायची की नाही, केवढ्या जोराने, केवढ्या वेगाने, हे बऱ्याच अंशी खाली खोलवर ठरतं, बेसल गँग्लिया नावाच्या पेशींच्या गठ्ठ्यांमध्ये. स्ट्रायटम, ग्लोबस पॅलिडस, सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि सब्स्टान्शिया नायग्रा, ही त्यातली मुख्य मंडळी. मॅडमनी आम्हाला हे ब्रेकच्या भाषेत समजावलं आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. त्या म्हणाल्या, या यंत्रणेचा स्वभावच मुळी ब्रेक दाबून ठेवायचा आहे. ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग थॅलॅमसला, म्हणजे कॉर्टेक्सकडे निरोप पाठवणाऱ्या मधल्या स्टेशनला, सतत "थांब, थांब" सांगत असतो, आणि तुम्हाला पेन्सिल उचलायची असेल तेव्हा फक्त तेवढ्याच हालचालीपुरता ब्रेक सुटतो, बाकीच्या हालचालींवर तो तसाच राहतो. म्हणून आपण पेन्सिल उचलताना आपला पाय उडत नाही.

हा ब्रेक सोडायला जी एक वाट आहे तिला डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन मदत करतं (लेव्होडोपाच्या गोळीपासून मेंदूत हेच बनतं), आणि ब्रेक आणखी घट्ट करणारी जी दुसरी वाट आहे तिला डोपामिन दाबून ठेवतं, म्हणजे दोन्हीकडून काम एकच, हालचालीला मोकळीक. हे डोपामिन बनतं सब्स्टान्शिया नायग्रामध्ये, नावाचा अर्थच काळा पदार्थ, कारण तिथल्या पेशींत काळसर रंगद्रव्य असतं. कंपवातात नेमक्या याच पेशी मरत जातात, आणि थरथर दिसायला लागेपर्यंत साधारण निम्म्या तरी गेलेल्या असतात, म्हणजे आम्ही टेन्शन म्हणून सोडून दिलं तेव्हाच अर्धं दुकान बंद झालेलं होतं. डोपामिन कमी पडलं की दुसरी वाट मोकाट सुटते, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नको तेवढा जोर लावतो आणि ब्रेक सुटतच नाही. बाबा खुर्चीत बसून म्हणायचे ना, "अगं, उठायचंय मला, सांगतोय मी पायाला, पण तो ऐकतच नाही", ते शब्दशः खरं होतं. ताकद होती, इच्छा होती, ब्रेक सुटत नव्हता. आमच्याकडे येणारे नातेवाईक म्हणायचे, जरा मनाचा हिय्या करा, प्रयत्न करा. तेव्हा मला हे माहीत असतं तर मी त्यांना तिथेच थांबवलं असतं.

आणि हा सबथॅलॅमिक न्यूक्लियस आहे केवढा, तर सेंटिमीटरभर लांब, आकार मसुरीसारखा. याच गाठीत छोटा स्ट्रोक झाला तर अगदी उलट होतं, शरीराच्या विरुद्ध बाजूचा हातपाय आपोआप जोरजोरात फेकला जातो, कारण ब्रेकच निकामी. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मला बेसल गँग्लिया जेवढं कळलं तेवढं कुठल्याच आकृतीवरून कळलं नव्हतं.

मशीनपर्यंत लोक पोचले कसे, ते मी नंतर वाचून काढलं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांना अचानक, दिवसांत, म्हाताऱ्या कंपवाताच्या पेशंटसारखा कडकपणा आला, कारण त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं विष होतं आणि ते थेट सब्स्टान्शिया नायग्राच्या पेशी मारतं. त्या पोरांचं आयुष्य गेलं, पण त्याच विषामुळे माकडांमध्ये कंपवात तयार करून अभ्यास करता आला, आणि १९९० मध्ये अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा माकडाचा सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केला की हालचाल परत येते. तिकडे फ्रान्समध्ये ग्रनोबलला बेनाबिद या मेंदूच्या सर्जनच्या टीमला १९८७ मध्ये दिसलं होतं की थॅलॅमसमध्ये जास्त वेगाने करंटचे ठोके दिले की थरथर थांबते, म्हणजे मेंदूचा तो भाग जाळायची गरज नाही, आणि करंट बंद केला की सगळं पूर्ववत. हे दोन धागे जुळले आणि १९९३ च्या सुमाराला तिथेच माणसाच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये वायर गेली. २०१४ ला डीलाँग आणि बेनाबिद दोघांना मिळून लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ त्या तरुण पोरांबद्दलच विचारत बसले होते.

आता सर्व्हिसचा अनुभव. पहिल्या ठिकाणी आम्ही गेलो तिथे पंधरा मिनिटांत सांगितलं, करून टाका, सगळं ठीक होईल. हे "सगळं" ऐकलं की उठून या, एवढं मी नक्की सांगेन. दुसऱ्या ठिकाणी आधी टेस्ट केली, रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी बाबांचं सगळं मोजलं, बोटं आपटणं, उठणं, चालणं, वळणं, मग गोळी देऊन तासाभराने परत तेच मोजलं. फरक ३० टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जायचं असा साधारण नियम, बाबांचा ५० च्या वर आला. यामागचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. जे गोळीने सुधारतं तेच मशीनने सुधारतं, कारण दोघांचा हात त्याच सर्किटवर. गोळीचा असर पूर्ण चढलेला असतानाही जर तोल जात असेल, गिळायला त्रास होत असेल, विसरायला होत असेल, तर ते मशीनने सुधारायची आशा धरू नका, ते बिघाड मेंदूच्या दुसऱ्या भागांतले आहेत. एकटी थरथर अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी मशीनला बऱ्याचदा देते. शिवाय स्मरणशक्तीची आणि मूडची टेस्ट झाली, तीन तास, बाबा वैतागले, पण तीही करायलाच हवी.

ऑपरेशनला बाबा जागे होते. डोक्याला फ्रेम, कवटीला दोन छोटी भोकं, मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही त्यामुळे फक्त कातडी बधिर केली. मी बाहेर बसून काय काय कल्पना करत होते आणि बाबांना मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो आवाज. वायर बसवायच्या आधी केसासारखी बारीक सुई आत नेतात आणि पेशींचे सिग्नल स्पीकरवर ऐकतात. वाटेत शांत, मध्येच तुरळक टकटक, आणि सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये शिरले की एकदम पत्र्यावर पाऊस पडावा तसा दाट आवाज. बाबा म्हणाले, "माझ्याच डोक्यातला पाऊस मी ऐकला." मग तिथे करंट देऊन बघितला, कोणीतरी त्यांचं मनगट हलवत होतं, आणि दातेरी चाकासारखं अडकत अडकत वळणारं मनगट सैल पडलं. तिथेच, टेबलावर. डाव्या वायरीने उजवी बाजू, उजव्या वायरीने डावी. बॅटरी नंतर पूर्ण भूल देऊन बसवली.

रिस्क आम्हाला स्पष्ट सांगितली होती, शंभरात एखाद-दोन जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्याहून थोड्या जास्त लोकांना इन्फेक्शन, कधी वायर काढावीही लागते. आमचं सुरळीत पार पडलं, पण सही करताना माझा हात बाबांपेक्षा जास्त थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलेलं नसतानाही बाबा चक्क बरे होते! सगळे खूश, फोनाफोनी झाली. नुसत्या वायर जाण्याने तिथे जी सूज येते तिचा तो तात्पुरता परिणाम असतो आणि तो काही दिवसांत, काही आठवड्यांत उतरतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. तेराव्या दिवशी थरथर परत आली तेव्हा आई रडली, तिला वाटलं ऑपरेशन फसलं. हे आधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तरी आमचे ते दिवस वाचले असते. तुमच्या घरात हे व्हायचं असेल तर आत्ताच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग प्रोग्रामिंग. लोकांना वाटतं मशीन बसवलं की झालं, पण खरं काम इथून सुरू होतं. प्रत्येक वायरीच्या टोकाला कॉन्टॅक्ट असतात, आमच्या ४, एकेक दीड मिलिमीटरचा, त्यातला कुठला चालू करायचा, किती करंट, ठोक्याची रुंदी किती, सेकंदाला किती ठोके. बाबांचं १३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३० ठोके, आणि रुंदी ६० मायक्रोसेकंद. मॅडमनी सांगितलं की कंपवातात या सगळ्या सर्किटमधल्या पेशी १३ ते ३० हर्ट्झच्या एका ठेक्यात अडकून बसतात, सगळ्या एकाच तालात, आणि त्या तालात हालचालीचा मेसेज जातच नाही, वेगवान ठोक्यांनी तो ताल मोडतो. नेमका कसा मोडतो यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे. आता तर हा ताल स्वतः ओळखून करंट कमीजास्त करणारी मशीनही आली आहेत, आमचं ते नाही.

पण खरी गंमत आहे ती जागेची. मसुरीएवढ्या त्या गाठीच्या चारही बाजूंनी दुसऱ्याच कामाचे रस्ते गेलेले आहेत. बाहेरच्या बाजूला लागूनच कॉर्टेक्सकडून खाली जाणारा मोठा हायवे, तिकडे करंट सांडला की तोंड एका बाजूला ओढलं जातं, जीभ जड होते. मागे सरकला की हातात मुंग्या. आतल्या बाजूला गेला की डोळा वळतो. आणि गाठीचा पुढचा आतला कोपरा भावनांचा. पहिल्या सहा महिन्यांत आमच्याकडे ज्यांनी सेटिंग केलं त्यांनी थरथर दिसली की करंट वाढव एवढंच केलं, दहा मिनिटांत मोकळे. थरथर गेली पण बाबांचं बोलणं असं झालं की फोनवर मलाच कळेना. आणि दुसरं, जे सांगायला मला आजही जड जातं, बाबा अचानक फार उत्साही झाले, रात्री तीनला उठून कपाटं रिकामी करायला लागले, न विचारता मोठमोठी खरेदी, आईने काही म्हटलं की आवाज चढवायचे, जे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. आम्ही महिनाभर समजत होतो की बरं वाटतंय म्हणून असेल. मॅडमनी एकेक कॉन्टॅक्ट वेगळा तपासला, करंट थोडा थोडा वाढवत, प्रत्येक पायरीला बाबांना बोलायला लावून, साडेतीन तास, आणि सगळ्यात खालचा कॉन्टॅक्ट बंद करून एक वरचा घेतला. शिवाय गोळ्याही त्याच प्रमाणात उतरवायला हव्या होत्या, त्या तोपर्यंत कोणी कमी केल्याच नव्हत्या. आठवड्याभरात आमचे बाबा आम्हाला परत मिळाले. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा फरक!

म्हणून हॉस्पिटल निवडताना ऑपरेशन कोण करणार हे विचारालच, पण नंतर प्रोग्रामिंग कोण करणार, किती वेळ देणार आणि अडीनडीला भेटणार का, हे त्याच्याइतकंच ठासून विचारा. आणि सेटिंग करताना घाई करू नका, कडकपणा लगेच सैल होतो, थरथर काही सेकंदांत-मिनिटांत थांबते, पण हालचालीचा मंदपणा तासांनी कळतो आणि चालण्यातला फरक कळायला दिवस लागतात. दवाखान्यातून निघताना जे दिसलं त्यावर मत बनवायचं नाही.

आता जे सुधारलं ते. बाबांच्या गोळ्या ७ वेळांवरून ३ वेळांवर आल्या. अंगाची वळवळ जवळजवळ गेली, कारण गोळीच कमी झाली. दर भेटीला कागदावर गोगलगाईसारखं वर्तुळ काढायला लावतात, ऑपरेशनच्या आधीचं करवतीच्या दात्यांसारखं आहे आणि आताचं सुरेख गोल, दोन्ही कागद आईने जपून ठेवलेत. बाबा परत चित्रं काढतात, रोज. सकाळी उठून कोणाला हाक न मारता बाथरूमला जातात, ही गोष्ट ज्यांच्या घरात कंपवात आहे त्यांनाच कळेल.

जे सुधारलं नाही ते म्हणजे दारात पाय चिकटणं. मोकळ्यात छान चालतात आणि दाराच्या चौकटीत आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे. गंमत म्हणजे जिना चढताना असं कधीच होत नाही. जमिनीवर पट्ट्या आखल्या की पायही उचलतो, कारण आपोआप चालणं बेसल गँग्लियावर सोपवलेलं असतं पण डोळ्यासमोर खूण असली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेऊ शकतो. आम्ही दोन्ही दारांत रंगीत टेप चिकटवलीय, एका पावलाच्या अंतरावर, आणि हा उपाय मशीनच्या आधीपासून आजपर्यंत चालतोय. बोलणं मात्र आधीपेक्षा थोडं हळू आणि अस्पष्टच राहिलं, स्पीच थेरपी चालू आहे. आणि रोग आतून पुढे जातोच आहे, मशीन पेशी मरणं थांबवत नाही, हे बाबांनी आमच्यापेक्षा आधी स्वीकारलं.

एक सांगायचं राहिलं, सगळी थरथर म्हणजे कंपवात नाही. ओळखीच्या एका काकूंचा हात काही उचलायला गेलं की थरथरायचा, निवांत असताना नाही, म्हणजे बाबांच्या बरोबर उलट. त्यांना इसेन्शियल ट्रेमर निघाला, त्याचं सर्किट सेरेबेलमकडून, म्हणजे लहान मेंदूकडून, थॅलॅमसला येणारं, म्हणून त्यांची वायर थॅलॅमसमध्ये. मशीन तेच पण जागा वेगळी. तेव्हा कोणाचा अनुभव वाचताना आधी आजार कुठला आणि वायर कुठे ते बघा.

रोजचं म्हणाल तर आमची बॅटरी चार्जिंगची आहे, आठवड्यातून एकदा तासभर पट्टा लावून बसतात, पंधरा वर्षं चालेल असा अंदाज दिलाय. बिनचार्जिंगची काही वर्षांनी छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते, पण ज्यांच्या घरी चार्जिंग लक्षात ठेवणारं कोणी नाही त्यांनी तीच घ्यावी असं मला वाटतं. मशीनचं ओळखकार्ड कायम खिशात. एमआरआय करायचा झाला तर आधी मशीनच्या टीमला विचारायचं, आणि फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक तर अजिबात घ्यायचा नाही, त्याने वायरीचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते, हे ज्या कोणाकडे उपचार घ्याल त्याने विचारलं नाही तरी आधी सांगा. एकदा चार्जिंग विसरून मशीन बंद पडलं तेव्हा पाच मिनिटांत हात थरथरायला लागला आणि तासाभरात अंग लाकडासारखं, तेव्हा आतमध्ये ते बारकं टोक दिवसभर काय सांभाळत असतं ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या महिन्यात मॅडम १३० वरून ६० हर्ट्झ करून बघणार आहेत, पाय चिकटण्यासाठी काही जणांना त्याने फरक पडतो, पण थरथर वाढूही शकते. बाबा तयार आहेत, म्हणाले चित्र थोडं वाकडं आलं तरी चालेल, पण दारातून न थांबता जायचंय. काय होतं ते इथेच लिहीन.